धुनीतल्या धोंड्याचं वय

"पण बाबा, डोंगराचं वय त्यांना कळतंच कसं? डोंगर जन्मला तेव्हा तिथं बसलं कोण होतं?"

सिदूबाबा धुनीपुढं बसून सुपात हुलगे निवडत होते. त्यांनी एक खडा वेचला, डोळ्यांजवळ नेला आणि बाजूला टाकला.

"कुनाचं वय?"

"डोंगराचं. ह्याच डोंगराचं, बाबा. आपण बसलोय त्या."

"मग त्यालाच इचार की."

रेवणनं कपाळाला हात लावला. सात वर्षं तो या माणसाच्या पायाशी बसत होता आणि सरळ उत्तर मिळाल्याचं त्याला आठवत नव्हतं. एरवी त्याची तक्रार नसे. आज मात्र त्याला सरळ उत्तर हवं होतं. पाचची एसटी होती, गाठोडं बांधून खांबाशी ठेवलेलं होतं आणि जायचं की राहायचं हे अजून ठरत नव्हतं.

नाथमाथ्याचा मठ तसा लहानच. एक धुनी, तिच्यावर पत्र्याचं छप्पर, पुढं अंगण आणि अंगणात एक उंबर. पण मठाची एक रीत मोठी गमतीची. इथं माणसाचं वय त्यानं धुनीपुढं बसून दीक्षा घेतली त्या दिवसापासून मोजतात. त्याआधीचं धुनीत गेलं असं धरतात. बाबांच्या भुवयासुद्धा पिकून पांढऱ्या झाल्या होत्या, पण कुणी वय विचारलं की ते बिनदिक्कत सांगायचे, "एकेचाळीस." नवा माणूस त्यांच्या तोंडाकडं बघत राहायचा.

या हिशेबानं रेवण अजून जन्मलाच नव्हता.

त्याचं घराणं गलाईवाल्यांचं. त्या भागातली निम्मी गावं सोनं गाळायला मुलूखभर पांगलेली, तसे त्याचे तात्याही कोइमतूरला दुकान टाकून बसलेले. सोन्याचे जुने डागडागिने घ्यायचे, मुशीत वितळवायचे, चोख सोन्याची लगड पाडून द्यायची. रेवण बी.एस्सी. झाला, जत्रेला म्हणून डोंगर चढला आणि उतरलाच नाही.

निदान लोक तसं सांगत. खरं म्हणजे तो बऱ्याचदा उतरायचा, कोइमतूरला चार दिवस राहून परत यायचा. तात्यांना फोनवर म्हणायचा, "पुढच्या महिन्यात येतो." बाबांना म्हणायचा, "पुढच्या पुनवेला दीक्षा घेतो." दोन्हीकडं त्याचा शब्द गोड होता आणि दोन्हीकडं तो खोटा पडत होता. आता तात्यांची नजर गेली होती. मुशीत रस कधी झाला ते त्यांना दिसत नव्हतं. "येणार असलास तर आत्ता ये," ते म्हणाले होते, "न्हाईतर दुकान मोडतो." आणि इकडं बाबांनी येत्या पुनवेला दीक्षा ठरवून टाकली होती.

अशा वेळी माणूस देवाला कौल लावतो. रेवणनं तो आधीच, आणि वेगळाच, लावून ठेवला होता.

मठाची पोथी सांगते, पृथ्वीवरचा पहिला विस्तव नाथांनी या डोंगरावर पेटवला. त्या पहिल्या धुनीचा अंगार थिजून हा डोंगर झाला, आणि आताच्या धुनीभोवती रचलेले धोंडे नाथांनी स्वतः शिखरावरून खाली आणले. जगातले सगळ्यांत जुने धोंडे ते. या एका गोष्टीपायी रेवण इथं राहिला होता. बाकी सगळं बदलतं, पण आपण जगातल्या पहिल्या विस्तवाच्या कडेला बसलोय, असं त्याला वाटायचं. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं, पण त्याच्या चालण्याबोलण्यातून ते सगळ्यांना कळायचं. खाली गावात तो जरा जास्तच ताठ चालायचा.

गेल्या हिवाळ्यात केतकी गानू नावाची मुलगी पुण्याहून डोंगराचं वय काढायला आली. खालच्या कड्यांचे नमुने तिनं स्वतः फोडून नेले. शिखराचा नमुना तेवढा राहिला, कारण चढताना तिचा पाय मुरगळला. तिनं रेवणला विनंती केली, "वरचा एखादा दगड आणून द्याल का?"

रेवण शिखरावर गेलाच नाही. वरचा कुठलातरी ऐरागैरा धोंडा कशाला द्यायचा, असा त्यानं विचार केला. धुनीचे धोंडे वरचेच तर आहेत, आणि सगळ्यांत मानाचे. बाबा आंघोळीला गेले असताना त्यानं धुनीच्या कडेचा नारळाएवढा एक धोंडा उचलला, निवल्यावर घासून धुतला आणि तिच्या पिशवीत घातला. त्या खळीत अंगणातला दुसरा बसवला. मनाशी म्हणाला, हा धोंडा सगळ्यांत म्हातारा निघाला तर दीक्षा घ्यायची. नाही निघाला तर तात्यांकडं जायचं.

धोंडा जरा तांबूस होता. पण डोंगरात तांबड्या दगडाचा पट्टा आहेच, त्यामुळं केतकीला संशय आला नाही.

आज सकाळी ती परत आली होती. उरलेला धोंडा तिनं त्याला आणून दिला होता. त्यावर पांढऱ्या रंगात आकडा घातलेला होता. आणि ती म्हणाली होती, "रेवणदादा, तुमच्या दगडानं माझं डोकं फिरवलंय."

तेव्हापासून रेवणचंही फिरलेलं होतं.

"बाबा, नीट ऐका," तो आता म्हणाला. "ती म्हणते, हा सगळा डोंगर एके काळी रस होता. तापलेला, पातळ. त्यात पोटॅशियम असतं…"

"कोन असतं?"

"एक द्रव्य असतं म्हणा. ते फार सावकाश बदलतं आणि त्यातल्या थोड्याचा वायू होतो. रस पातळ असतो तोवर वायू उडून जातो. रस थिजून दगड झाला की वायू आत अडकतो. मग जितका वायू साठला तितकं त्या दगडाचं वय. यंत्रावर मोजतात."

"म्हंजी भातावर झाकन ठिवल्यावर वाफ कोंडती तसं."

"तसंच."

बाबांनी आणखी एक खडा वेचला.

"मग रस हुता तवा त्याचं वय किती?"

"शून्य."

"आनि त्यो रस कवापासनं हुता?"

"ते…" रेवण थांबला. "ते ह्यात येत नाही, बाबा. थिजल्यापासूनच मोजतात."

"आदीचं सोडून देत्यात?"

"हो."

"मग आपल्यागतच हाये की," बाबा म्हणाले आणि सूप पाखडायला लागले.

रेवणला हे असं गुळगुळीत नको होतं. तो पुढं सरकला.

"पण पुढं ऐका ना. कड्याचे सगळे दगड साडेसहा कोटी वर्षांचे निघाले. मी दिलेला धोंडा दोन कोटींचा. एकच डोंगर, आणि वयं दोन! शिखर काय मागाहून चढवलंय? म्हणजे त्यांचं शास्त्र खोटं. बरोबर ना?"

"आसंल."

"शास्त्र खोटं म्हटलं तर पोथी खरी, असं म्हणावं. पण पोथीप्रमाणं तो धोंडा सगळ्यांत जुना निघायला हवा होता. तो निघाला सगळ्यांत लहान. म्हणजे पोथीही खोटी. तेही खोटं, हेही खोटं… मग सात वर्षं मी बसलोय कशावर?"

बाबांनी वाकून बघितलं.

"पोत्यावर."

रेवणला रडू यायचंच बाकी होतं. माणसाचं घर सुटायची वेळ आली आहे, मठ सुटायची वेळ आली आहे, आणि हा म्हातारा हुलगे निवडतोय. त्याला बाबांचा राग आला. रागाच्या मागोमाग त्याला वाटलं, आपण गेलो तर हे हुलगे निवडतानाचं म्हातारं बोट आपल्याला दिसणार नाही. त्यामुळं तो आणखीच गोंधळला.

धुनीत एक लाकूड सरकलं.

"तुजा धोंडा कुटला?" बाबांनी विचारलं.

"वरचा."

"वरचा…"

"शिखराचाच, बाबा."

बाबांनी सूप खाली ठेवलं.

"मंगळवारी धुनीत फाटदिशी आवाज आला. आयकलास?"

आवाज रेवणनं ऐकला होता. तो आडात बादली सोडत होता आणि आवाज ऐकून दोर त्याच्या हातून सुटला होता.

"कडंचा एक धोंडा फुटला. हितली बाकीची समदी धोंडं कवापासनं तापत्यात, त्येंच्यातलं एक कदी फुटलं न्हाई. ह्योच कसा फुटला म्हनून बगितलं, तर त्यो नवाच. कुनीतरी आनून बशिवलेला. काई दिस तग धरला, पन त्याला आगीची सवं न्हवती."

"बाबा…" रेवणनं धुनीच्या कडेकडं बघितलं. "धुनीचे धोंडे नाथांनी वरूनच आणलेत ना?"

"म्हनत्यात तसं."

"मग मी खोटं बोललो नाही."

"म्या कुटं म्हनलं, खोटं बोललास?"

पुन्हा तेच. आरोप केला असता तर त्याला भांडता आलं असतं. भांडायची त्यानं मनात तयारीही केली होती, आणि ती सगळी वाया गेली.

"त्या पोरीला सांगितलंस?" बाबांनी विचारलं.

"काय?"

"त्यो कुटं बसला हुता, त्ये."

"त्यानं काय फरक पडतो? दगड तो दगड. कुठंही बसला तरी वय का बदलणार आहे त्याचं?"

बाबांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं. एवढ्यावर बोलणं संपलं, हे रेवणला अनुभवानं माहीत होतं. तो चरफडत उठला, धोंड्याची पिशवी घेतली आणि अंगणात गेला.

केतकी उंबराखाली बसून भाकरी खात होती. तिचा चेहरा सकाळसारखाच उतरलेला होता.

"काही आठवलं का, दादा? नेमका कुठून उचललात तो दगड? आमचे सर म्हणतात, तू पिशव्यांची अदलाबदल केली असशील. आता माझ्या बाकीच्या दगडांवरही त्यांचा विश्वास राहिलेला नाही. वर्षाचं काम आहे हो माझं!"

रेवणला पहिल्यांदाच सुचलं की या धोंड्यावर आपल्याशिवाय आणखी कुणाचंतरी काहीतरी अडकलंय. त्याला लाज वाटली.

"वरचाच आहे," तो म्हणाला. "म्हणजे… वरून आणलेला. मी नाही, नाथांनी आणलेला. मी धुनीतून काढला."

तिचा घास हातातच राहिला.

"धुनीतून? म्हणजे विस्तवातून?"

"विस्तवाच्या कडेचा."

"किती वर्षं होता तिथं?"

"मठ आहे तेव्हापासून. आमची धुनी कधी विझवत नाहीत."

केतकीनं भाकरी ताटात टाकली आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "अहो, हे सकाळी नाही का सांगायचं! हे हिवाळ्यातच नाही का सांगायचं!" ती चांगलीच संतापली होती. मग धोंड्याकडं बघता बघता तिला हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. कशाचं आधी आलं ते सांगणं कठीण होतं.

"म्हणजे सर चुकले, मी नाही चुकले," ती म्हणाली. "इतकी वर्षं आगीत राहिल्यावर आत अडकलेला वायू थोडाथोडा सुटून गेला. आम्ही उरलेला वायू मोजला आणि वय काढलं दोन कोटी!"

"मग दोन कोटी वर्षांपूर्वी काय झालं होतं?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?"

"काही म्हणजे काही नाही. तो आकडा कशाचाच नाही. दगड थिजला त्याचाही नाही आणि धुनीत आला त्याचाही नाही."

रेवण धोंड्याकडं बघत राहिला. दोन कोटी वर्षं, आणि त्यात काहीच नाही. सकाळपासून या आकड्यावर तो आपलं आयुष्य तोलत होता.

"मग त्याचं खरं वय काय धरायचं?"

"आता त्याला विचारून उपयोग नाही, दादा. तापलाच नसता तर जुनं वय बरोबर सांगितलं असतं त्यानं. पुरता तापून आतलं सगळं सुटलं असतं तरी चाललं असतं. घड्याळ शून्यावर आलं असतं, तिथून नवं वय सुरू. पण हा राहिला मध्येच. जुनं धड गेलं नाही आणि नवं धड लागलं नाही."

ती फोनला रेंज शोधत अंगणाच्या कडेला धावली. तिथून तिचा आवाज ऐकू येत होता. "सर, धुनीतला! धुनी, धुनी! अहो सर, शेकोटी समजा!"

शेकोटी म्हटल्यावर एरवी रेवण तिच्या अंगावर धावून गेला असता. आज त्याला त्याचं काही वाटलं नाही. तो परत छपराखाली आला. बाबांचे हुलगे निवडून झाले होते आणि ते धुनीच्या कडेची राख हातानं सारखी करत होते. फुटलेल्या धोंड्याच्या कपच्या त्यांनी काढून टाकल्या होत्या. तिथली खळी रिकामीच होती.

"बाबा, कळलं," रेवण म्हणाला. मग बसला. मग म्हणाला, "नाही, कळलं नाही. धोंड्याचं कळलं."

बाबा राख सारत राहिले.

"पोथीनं धोंड्याचं वय चुकवलं नव्हतं आणि यंत्रानंही चुकवलं नव्हतं. मीच भलता धोंडा दिला. तिला कड्याचं वय हवं होतं आणि मी तिला धुनीतला… पण बाबा, कड्याचाच होता ना तो? आणि धुनीचाही होता. मग तो आहे कुणाचा?"

"तुज्या तात्याच्या भट्टीत," बाबांनी मध्येच विचारलं, "मुशीतला डाग अर्दा वितळला, आनि तितंच जाळ इजला… तर?"

असा प्रश्न आला की रेवणला विचार करावा लागत नसे. लहानपणापासून भाता मारलेले हात होते ते.

"तर काय, फजिती. ना डाग राहिला, ना लगड झाली. गिऱ्हाईक ओळखत नाही आणि सोनारही घेत नाही. त्याचा कस लावता येत नाही."

"मग फेकून देत्यात?"

"छे! सोनं कुणी फेकतं होय, बाबा?"

बाबांनी राखेवर पुन्हा हात फिरवला.

आपण आत्ता काय बोललो, ते रेवणला पुन्हा एकदा ऐकू आलं. तो बाबांच्या तोंडाकडं बघायला लागला, पण बाबांचं तोंड धुनीकडं होतं.

"बाबा, मी या धोंड्यावर कौल लावला होता," शेवटी तो म्हणाला. "म्हातारा निघाला तर राहायचं, नाहीतर जायचं."

"देवाला लावायचा कौल तू यंत्राला लावलास?"

"हो."

"मग काय दिला कौल?"

"अर्धा." रेवणचा आवाज चिरकला. "बाबा, मला समजत नाही हो. तिकडं तात्यांना दिसत नाही. इकडं पुनव आली. सात वर्षं मी इथं आहे असं म्हणतो आणि सात वर्षं दर रात्री कोइमतूरच्या दुकानाचा दिवसभराचा हिशेब मनात करतो. तिथं गेलो की धुनीची राख आठवते. मी नेमका कुठं आहे? मला एकदा सांगा. जाऊ की राहू? तुम्ही सांगाल ते मी ऐकेन."

"न्हाई आयकायचास."

"ऐकेन, बाबा."

"पुनवंचं किती येळा सांगितलं?"

रेवणनं मान खाली घातली.

डोंगराच्या पायथ्याशी पाचच्या एसटीनं हॉर्न दिला. गाडी वळवून घेताना ड्रायव्हर नेहमी दोनदा हॉर्न द्यायचा आणि वरून कुणी हात केला तर थांबायचा. रेवणनं खांबाशी ठेवलेल्या गाठोड्याकडं बघितलं. मग पिशवीतून धोंडा काढला. एका अंगाला काळा, दुसऱ्या अंगाला भाजून तांबूस, आणि मध्ये केतकीनं घातलेला पांढरा आकडा. त्यानं तो दोन्ही हातांत धरून बाबांपुढं केला.

"आता ह्याचं काय करू?"

खाली दुसरा हॉर्न वाजला…

बाबांनी धोंडा हातात घेतला नाही. राखेनं माखलेल्या बोटानं त्यांनी धुनीच्या कडेची रिकामी खळी दाखवली.

"ठिव तितं. त्यो अजून तापायचाय."